वाचनानुभवाचे सहकथन : मेंढा (लेखा) येथील अभ्यासगटाच्या निमित्ताने

वाचककेंद्री समीक्षेचा परिचय मराठीला होऊन बराच काळ लोटला आहे. तथापि या समीक्षेतील वाचक बहुधा एकटाच राहिला. संस्कृत काव्यशास्त्रातील सहृदय असो वा वोल्फगांग इझरने कल्पिलेला संहितेत अध्याहृत असणारा वाचक असो, तो संहितेसमोर एकाकी बसलेला आहे आणि अर्थनिष्पत्ती ही त्या दोघांमधील खाजगी घटना आहे, असे आपण गृहीत धरून चालतो. वाचलेले दुसऱ्यास सांगणे ही क्रिया मग वाचनानंतरची, म्हणून गौण ठरते. मासिक वाचनमंडळांतून, मग ती प्रत्यक्ष भरोत वा दूरस्थ, जे अनुभवकथन चालते त्याकडे समीक्षेने हौशी उपक्रम म्हणून पाहिले, याचे मूळ या गृहीतकात आहे. प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासावयाचे आहे.

वाचनानुभव सांगण्याने मुळात त्या अनुभवात काही फरक पडतो काय? इझरच्या मते संहितेत रिकाम्या जागा असतात आणि वाचक त्या आपल्या कल्पनेने भरतो. परंतु वाचन चालू असताना, आपण जे भरले ते आपले आहे याचे भान वाचकास क्वचितच असते; त्यास ते संहितेतच असल्यासारखे वाटते. दुसऱ्या वाचकाने तीच जागा निराळ्या रीतीने भरली आहे असे ऐकल्यावरच पहिल्यास आपल्या भरणीचा शोध लागतो. या अर्थी सहकथन ही वाचनाची पुरवणी नसून वाचनाचीच दुसरी अवस्था होय. स्टॅन्ली फिशने मांडलेली अर्थनिर्णायक समुदायाची संकल्पना येथे उपयोगी पडेल असे वाटते. पण तिच्यात समुदाय हा वाचनाच्या आधीच सिद्ध असतो. तो घडतो कसा, आणि मतभेद पचवून टिकतो कसा, याचे समाधानकारक उत्तर तेथे मिळत नाही.

हे उत्तर शोधण्यास चंद्रपूर व गडचिरोली हे अरण्यप्रदेश विशेष सोयीचे आहेत. १९८२ पर्यंत हा एकच चंद्रपूर जिल्हा होता. येथे सामूहिक ग्रहणाच्या दोन परस्परभिन्न पद्धती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पहिली झाडीपट्टी रंगभूमीची. धानाची कापणी आटोपल्यावर गावोगावी रात्रभर चालणारे हे नाट्यप्रयोग, आणि देसाईगंज म्हणजे वडसा येथे एकवटलेला त्यांचा व्यवसाय, सर्वपरिचित आहे. अभिनवगुप्ताने नाट्यविचारात सर्व सामाजिकांच्या एकघन प्रतीतीस रसपरिपोषाचे कारण मानले. तिचे जिवंत उदाहरण म्हणून या प्रेक्षागृहाकडे बोट दाखविता येईल. येथे अनेकांचा अनुभव एक होतो. मात्र त्यात भेदाला फारसा अवकाश नसतो.

दुसरी पद्धती धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाची. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविणारे गाव म्हणून त्याची ख्याती आहे. मिलिंद बोकील यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची' (२०१२) या पुस्तकाने ती मराठी वाचकांपर्यंत नेली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावे या कार्याशी निगडित आहेत. समीक्षकाच्या दृष्टीने मात्र हक्कप्राप्तीहून अधिक लक्षणीय आहे ती तिच्या मुळाशी असलेली 'अभ्यासगट' ही संस्था. निस्तार हक्क, वनविषयक कायदे, मधसंकलन अशा विषयांवर गावकरी एकत्र बसतात, बाहेरच्या जाणकारांस बोलावितात, माहिती पारखून घेतात.

या संस्थेची तीन वैशिष्ट्ये वाचनविचाराच्या संदर्भात नोंदविण्याजोगी आहेत. पहिले असे, की अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने होतो. अभ्यास आणि निर्णय यांची ही फारकत अर्थनिर्णयनाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. जेथे लगेच निवाडा द्यावयाचा नसतो तेथे विरुद्ध अन्वयार्थ मांडणाऱ्यास पराभवाचे भय नसते. शंका ही अडथळा न होता अभ्यासाची सामग्री होते. दुसरे असे, की संहिता शासकीय मराठीत आणि घरची बोली गोंडी, अशी येथील स्थिती आहे. म्हणजे समजून घेण्याच्या प्रत्येक प्रयत्नात भाषांतर अंतर्भूत आहे, आणि भाषांतर करताना संहितेतील धूसर जागा झाकता येत नाहीत. तिसरे असे, की अर्थाचा परिणाम साऱ्यांनाच भोगावा लागतो. 'सामूहिक' या एका शब्दाचा अन्वय कसा लावावा यावर बांबूची मालकी अवलंबून असेल, तर त्या शब्दाजवळ वाचक उगाच घाई करीत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. कायद्याची संहिता ही साहित्यकृती नव्हे. तिच्या वाचनाचे नियम ललितकृतीस लावणे म्हणजे प्रयोजनाची गल्लत करणे होय. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. कायद्याच्या वाचनास शेवटी एका अर्थावर यावे लागते, कादंबरीच्या वाचनास तसे बंधन नाही. परंतु नेमक्या याच कारणाने आक्षेप उलटतो. जेथे एका अर्थाची निकड आहे तेथेही मेंढ्याचा अभ्यासगट अनेक अर्थ दीर्घकाळ खुले ठेवतो. आणि जेथे अशी निकडच नाही त्या साहित्यवाचनात आपली वाचनमंडळे 'आवडले' वा 'नावडले' या निवाड्यापाशी पहिल्याच बैठकीत पोचतात. शिफारस हा त्यांच्या कथनाचा प्रधान घाट होतो. परिणामी महिन्यागणिक पुस्तके वाढतात, पण एका पुस्तकाविषयी दोन वाचकांत नेमका कोठे भेद आहे, हे अज्ञातच राहते.

विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी उदाहरणादाखल घेऊ. माडिया तरुणाच्या आयुष्याची ही कथा महानगरातील वाचकास एका अपरिचित जगाची माहिती म्हणून भिडू शकते. त्याच्या दृष्टीने रिकाम्या जागा जंगलाच्या तपशिलांत असतात. भामरागड परिसरातील वाचकास ते तपशील सांगावे लागत नाहीत. त्याच्या रिकाम्या जागा निवेदकाच्या भूमिकेत असू शकतील : आमच्याविषयी हे कोण, कोणत्या भाषेत, कोणास सांगत आहे? हे दोन वाचक एकाच मंडळात बसले आणि त्यांनी निवाडा लांबणीवर टाकला, तरच कादंबरीचा निवेदनव्यूह चर्चेत येईल. शिफारसीच्या भाषेत त्यास जागाच नाही.

चंद्रपुरास अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले, १९७९ मध्ये वामन चोरघडे यांच्या आणि २०१२ मध्ये वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली. संमेलनाने या प्रदेशास व्यासपीठ दिले. पण व्यासपीठावरून वाचक बोलत नाही, तो ऐकतो. २०११ मध्ये या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीस स्थापन झाले. आपल्या बहुतेक पदव्युत्तर वर्गांत विद्यार्थी कृतीपूर्वी कृतीविषयीचा निर्णय वाचतो आणि नंतर त्या निर्णयास पुरावे जमवितो. अभ्यास आधी, निर्णय नंतर आणि अन्यत्र, हा मेंढ्याचा क्रम या वर्गांनी स्वीकारला, तर विद्यार्थ्याचा प्रथम प्रतिसाद, त्याच्या घरच्या बोलीतील भाषांतरासह, समीक्षेचे साधन ठरू शकेल. हे घडेपर्यंत मराठीतील वाचककेंद्री समीक्षा वाचकाविषयी बोलत राहील. वाचकाचे बोलणे मात्र तिच्या कक्षेबाहेरच राहील.