तारखांचे शुद्धीकरण : एक आक्षेप

बाहेरून आणलेल्या सामग्रीतील तारखा शुद्ध करण्याची जी पद्धती संशोधकांत रूढ आहे, तिच्यात एक मूलगामी दोष आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या दोषांची दुरुस्ती म्हणजेच शुद्धीकरण, असे ती गृहीत धरते. दिवस, महिना, वर्ष या क्रमाने लिहिलेली फाइल अमेरिकी तारीखक्रम पाळणाऱ्या संगणकावर एक्सेलमध्ये उघडली असता काय घडते ते पाहावे. '२५/०४/२०२१' या नोंदीत पंचविसावा महिना संभवत नसल्याने ती केवळ अक्षरे म्हणून तशीच राहते व चटकन नजरेत भरते. '०३/०४/२०२१' ही ३ एप्रिलची नोंद मात्र निमूटपणे ४ मार्चची होऊन बसते. अभ्यासक पहिली सुधारतो आणि दुसरीवर विश्वास ठेवतो. वस्तुतः जी बिघडलेली भासते तिच्यात मूळ पाठ शाबूत असतो. निर्दोष भासते तीच भ्रष्ट झालेली असते. पर्जन्यमानाच्या वा रुग्णांच्या नोंदींत असा फरक पडल्यास निष्कर्षच ढासळतो.

जनुकशास्त्राने या प्रमादाची किंमत मोजली आहे. 'सेप्ट२' हे जनुकाचे नाव एक्सेल २ सप्टेंबर असे वाचीत असे. २०२० पर्यंत अशा जनुकांची नावेच बदलावी लागली.

पाठचिकित्सेत संपादक पाठभेद नोंदवितो, पोथी खोडीत नाही. तारखाही प्रथम अक्षररूपानेच आणाव्यात आणि मूळ रकाना अबाधित ठेवून शेजारी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने नवा रकाना करावा. एरवी पुढील अभ्यासकास चूक शोधण्याचा आधारच उरत नाही.