तर्खडकरांची पाठमाला कुठे अपुरी पडते?

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी माध्यमाच्या कित्येक पिढ्यांची वाक्यरचना पक्की केली, हे मान्यच. पण शब्दाला शब्द लावायची सवय शोधनिबंध वाचताना नडते. 'कॅनॉट बी रूल्ड आउट' म्हणजे शक्यता नाकारता येत नाही. ती सिद्ध झाली असं नाही. इथे गल्लत झाली तर निष्कर्षच बदलतो.

डॅगट आणि लॉफर यांनी १९८५ मध्ये मांडलं, की हिब्रू भाषक विद्यार्थी अशी क्रियापदं टाळतात, कारण त्यांच्या भाषेत तशी रचना नाही. आपल्या महागावात मात्र 'खाऊन टाक' रोज ऐकू येतं. त्यातलं 'टाक' म्हणजे फेकणं नव्हे, संपवणं. 'ईट अप'मधला 'अप' तसाच. अर्थ सोबतीने ठरतो. म्हणून नुसती यादी पाठ करू नका, अख्खं वाक्य वहीत उतरवा.