कट्टा उपग्रहातून दिसत नाही

न्यूयॉर्क शहराने १९६१ साली बिल्डरांना एक ऑफर दिली. इमारतीपुढे लोकांसाठी मोकळी जागा सोडा, बदल्यात जास्तीचं बांधकाम करा. बिल्डरांनी जागा सोडल्या, मजले चढवले. पुढे असं दिसलं की काही जागा जेवणाच्या सुट्टीत गच्च भरतात आणि बऱ्याचशा जागांवर चिटपाखरूही फिरकत नाही. विल्यम एच. व्हाइट या लेखकाने 'असं का?' एवढा एकच प्रश्न धरला, उंचावर कॅमेरे लावले, माणसांना वह्या देऊन खाली बसवलं आणि मोजायला सुरुवात केली. त्यातून १९८० मध्ये 'द सोशल लाइफ ऑफ स्मॉल अर्बन स्पेसेस' हे छोटं पुस्तक आणि त्याच नावाची तासाभराची फिल्म आली.

फिल्म जरूर बघा. साठीतला हा माणूस स्वतःच निवेदन करतो आणि भलताच मिस्कील आहे. रिकामी खुर्ची दिसली की माणूस बसण्याआधी ती चार-सहा इंच सरकवतो. त्याने ना ऊन मिळतं ना सावली, तरी सरकवतो. दोन मित्र भेटले की कडेला होत नाहीत, नेमके गर्दीच्या मधोमध उभे राहून बोलतात. आधी व्हाइटला वाटलं, ऊन महत्त्वाचं असेल. मग जागेचा आकार, क्षेत्रफळ, देखणेपणा. एकेक तपासून बाद झालं. उरलेलं उत्तर इतकं साधं आहे की सांगताना त्यालाही हसू येतं. लोक तिथे बसतात, जिथे बसायला जागा असते.

मराठीत हे कळायला कॅमेरा लागत नाही, कारण आपल्याकडे 'कट्टा' हा शब्द आहे. दगडी बैठकही कट्टा आणि त्यावर जमलेलं टोळकंही कट्टाच. व्हाइटने जे मोजलं, ते म्हणजे थोडक्यात शहरातल्या कट्ट्याची फुटांमधली लांबी.

हे सगळं आज लिहायचं कारण असं, की 'शहरातली हिरवाई आणि माणसाचं स्वास्थ्य' या विषयावर आता रिसर्च पेपरांचा पूर आलेला आहे आणि त्यातले बरेच वाचताना मला व्हाइटची आठवण येते. मी सॉफ्टवेअरवाला आहे. दिवसभर डॅशबोर्ड बनवतो. ज्याचा डेटा फुकट मिळतो तेच डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात झळकतं, हे मला कुणी सांगायला नको.

इथे फुकट मिळणारी गोष्ट म्हणजे एनडीव्हीआय. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा निअर-इन्फ्रारेड प्रकाश परत फेकतं. उपग्रहाने टिपलेल्या या दोन आकड्यांची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज, की मिळाला उणे एक ते एकमधला आकडा. जास्त आकडा म्हणजे जास्त हिरवं. सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटर पिक्सेलची चित्रं कुणालाही उतरवून घेता येतात आणि पायथनच्या वीसेक ओळींत काम होतं. मग घराच्या पत्त्याभोवती वर्तुळ काढायचं, आतली सरासरी घ्यायची आणि त्या घरातल्या माणसाच्या नैराश्याशी किंवा रक्तदाबाशी ताडून बघायची. लाखो माणसांवर हे करता येतं, ही या पद्धतीची खरीखुरी ताकद आहे. तिला मी नावं ठेवत नाही.

पण हाच प्रयोग मी पुण्यावर करून बघितला. सप्टेंबरमधली वेताळ टेकडी गर्द हिरवी. मे महिन्यात तिथलं गवत वाळतं आणि टेकडीचा मोठा भाग आकड्यांच्या लेखी जवळपास नापास होतो. मेमध्ये पहाटे टेकडीवर जाणाऱ्यांना याची कल्पना नसावी. उलट येरवड्याचं गोल्फचं मैदान उन्हाळ्यातही टवटवीत. तिथे आत कोण जाऊ शकतं, हे पिक्सेलला कळत नाही. आता दादरचं शिवाजी पार्क घ्या. सुमारे २८ एकर, कडेला झाडं, मध्ये बहुतांश लाल माती. वाऱ्याने ती घराघरांत जाते म्हणून रहिवासी वैतागतात, ते वेगळं. एनडीव्हीआयच्या नकाशावर मधलं मैदान म्हणजे भुंडी जमीन. आणि त्याच्या सभोवती मुंबईतला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध कट्टा, जो कुठल्याच पिक्सेलमध्ये नाही.

थोडं मागे गेलं तर याच विषयावर वेगळ्या स्वभावाचं काम सापडतं. शिकागोत रॉबर्ट टेलर होम्स ही सरकारी वसाहत होती. १६ मजली २८ इमारती, दोनेक मैलांच्या पट्ट्यात. सुरुवातीला झाडं लावली होती, पुढे देखभालीचा खर्च वाचवायला पुष्कळशी काढली. त्यामुळे काही घरांसमोर झाडं उरली, काहींसमोर नुसतं काँक्रीट. कुणाला कुठलं घर मिळणार यात भाडेकरूला फारसा वाव नव्हता. आमच्या भाषेत आयती ए-बी टेस्ट. कुओ, सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या १४५ रहिवाशांशी बोलून १९९८ मध्ये पेपर लिहिला. झाडं असलेल्या अंगणांचा वापर जास्त होता आणि तिथल्या लोकांचे शेजाऱ्यांशी संबंधही जास्त घट्ट होते. दुसऱ्या एका वसाहतीतल्या ९८ इमारतींची पोलीस नोंद त्यांनी २००१ मध्ये मांडली. सर्वांत हिरव्या गटातल्या इमारतींत सर्वांत उजाड गटापेक्षा ५२ टक्के कमी गुन्हे. यावरून झाडांनीच गुन्हे कमी केले असं सिद्ध होत नाही. पण मला मोलाची वाटते ती त्यांची प्रश्नावली. तिच्यात शेजारी आहे. अडीनडीला कुणाचं दार वाजवाल, या जातीचे प्रश्न आहेत.

आता रॉबर्ट टेलर होम्स नाही. तिथली शेवटची इमारत २००७ मध्ये पाडली आणि माणसं शहरभर पांगली. झाडाखाली जमलेल्या त्या ओळखींचं पुढे काय झालं, हे पाडकामाच्या कुठल्या रकान्यात लिहिणार?

फिलाडेल्फियात तर औषधाची चाचणी घेतात तसा प्रयोग झाला. ५४१ ओसाड प्लॉट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. एका गटात कचरा काढून गवत आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं आणि नियमित निगा राखली. दुसऱ्यात फक्त साफसफाई. तिसऱ्यात काहीच नाही. २०१८ मध्ये निकाल आला. 'उदास वाटतं' असं सांगणाऱ्यांचं प्रमाण हिरव्या प्लॉटजवळ, काहीच न केलेल्या प्लॉटच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटलं. नुसत्या साफसफाईने म्हणावा असा फरक पडला नाही. बातम्यांमध्ये हे 'हिरवळीने नैराश्य घटतं' असं छापून आलं. मला ते बुटकं कुंपण जास्त बोलकं वाटतं. ते कुणाला अडवण्यासाठी नव्हतंच. या जागेकडे कुणाचं तरी लक्ष आहे, एवढंच ते सांगत होतं. गवताचा परिणाम किती आणि त्या लक्ष असण्याचा किती, हे या प्रयोगाच्या रचनेतून वेगळं काढता येत नाही, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

व्हाइटवरही माझा आक्षेप आहे. कॅमेरा फक्त आलेल्यांना मोजतो. 'नकोशी माणसं' या विषयावर त्याने एक प्रकरण लिहिलं आणि त्यात तो बराच उदार आहे. दारुड्यांना हाकलायला कट्ट्यांवर खिळे ठोकणाऱ्यांची तो टर उडवतो आणि म्हणतो, जागा इतरांसाठी आकर्षक करा. पण त्याचा सल्ला घेऊन सुधारलेलं ब्रायंट पार्क १९९२ मध्ये सरकत्या खुर्च्यांसह पुन्हा उघडलं, तेव्हा शॅरन झुकिनसारख्या समाजशास्त्रज्ञांनी विचारलं, की आता इथे कोण कोण दिसत नाही? फिल्ममध्ये या प्रश्नाला जागा नाही.

एक मोजमाप मात्र त्याचं भन्नाट आहे. एखाद्या जागेत बायकांचं प्रमाण किती हे बघा, म्हणजे जागा बरी की वाईट ते कळेल. यापुढचं पाऊल मुंबईवरच्या 'व्हाय लॉइटर?' (२०११) या शिल्पा फडके, समीरा खान, शिल्पा रानडे यांच्या पुस्तकात आहे. बाई बाहेर दिसली की तिला काहीतरी काम असावं लागतं, नसलं तर असल्याचं दाखवावं लागतं. याच्या शेजारी २०१९ चा तो गाजलेला इंग्लंडमधला पेपर ठेवा. सुमारे वीस हजार लोकांच्या उत्तरांवरून त्याने सांगितलं, की आठवड्यातून १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांना जास्त बरं वाटतं. मिनिटं मोजली, ठीक. पण स्पोर्ट्स शूज घालून ट्रॅकवर गोल गोल फिरलेली १२० मिनिटं आणि कट्ट्यावर पाय हलवत, काहीही न करता, कुणाला उत्तर न देता काढलेली १२० मिनिटं सारखी कशी? बऱ्याच मुलींना पहिलीच मिळतात.

सध्या ३-३०-३०० हा नियम चर्चेत आहे. सेसिल कोनाइनेंडाइक या वनतज्ज्ञाने तो २०२१ मध्ये मांडला. घरातून तीन झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के झाडांची सावली असावी, ३०० मीटरवर बाग असावी. लक्षात ठेवायला सोपा आणि नगरसेवकाला विचारायलाही सोपा, म्हणून मला आवडतो. फक्त आपल्याकडे त्याला एक चौथा आकडा जोडायला हवा, फाटक किती वाजता बंद होतं याचा. आपल्याकडच्या अनेक महापालिकांच्या बागा सकाळ-संध्याकाळ उघड्या असतात आणि भर दुपारी कुलूपबंद. सावलीची सगळ्यात जास्त गरज असते त्या वेळी. मी काम करतो त्या आयटी पार्कात उत्तम राखलेली लॉन आहे. तिच्यावर पाय ठेवला की वॉचमनकाका शिट्टी वाजवतात. बिचाऱ्यांची ड्युटीच ती आहे. लॉन एनडीव्हीआयमध्ये छान दिसते, मी तपासलं आहे.

आणि जवळच्या बागेच्या भिंतीबाहेर, आतल्या झाडाची जी फांदी रस्त्यावर आली आहे तिच्याखाली, दुपारी दोनच्या सुमारास डिलिव्हरीवाली पोरं गाड्या स्टँडवर लावून त्यांच्यावरच आडवी झालेली असतात. बागेपासून त्यांचं अंतर तीनशे मीटर नाही, एक वीट आहे. कुठल्याही सर्व्हेत ती त्या भागाचे रहिवासी नाहीत. व्हाइट असता तर त्याने समोरच्या गच्चीवर कॅमेरा लावला असता आणि कोण कितीला येतं, कोण कोणाशी बोलतं, पाण्याची बाटली कोणाकडून कोणाकडे जाते हे वहीत लिहिलं असतं. ते काम पायथनच्या वीस ओळींत होत नाही, आठवडाभर उन्हात उभं राहावं लागतं.