'गॅस-फ्री' म्हणजे स्वच्छ नव्हे

पेट्रोलपंप बंद होतो तेव्हा वरचं छत आणि मशीन निघतात, ते सगळ्यांना दिसतं. प्रश्न असतो खाली पुरलेल्या टाक्यांचा. शहापूर मुंबई-नाशिक महामार्गावर आणि मुरबाड कल्याण-माळशेज रस्त्यावर आहे. रस्ता रुंद झाला किंवा वाहतूक दुसरीकडे वळली की जुना पंप उठू शकतो. तेव्हा कागदावर 'सुरक्षित' हा शब्द येतो. संशोधनाला निघालेल्यांनी तो नीट तपासायला हवा.

पेट्रोलियम नियम, 2002 नुसार इंधनाच्या टाकीत माणूस उतरण्याआधी किंवा तिच्यावर कटिंग-वेल्डिंग करण्याआधी ती 'गॅस-फ्री' असल्याचा दाखला लागतो. हा नियम अगदी योग्य आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोकादायक असते, कारण हवेत साधारण 1.4 ते 7.6 टक्के पेट्रोलची वाफ असली की ठिणगी पुरते. म्हणून गाळ काढतात, नायट्रोजन सोडतात, मीटर लावतात.

पण हा दाखला एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: टाकी पेटेल का? टाकीखालच्या मातीत काय मुरलंय, हे त्या मीटरला विचारलेलंच नसतं. शिवाय मोजमापाची पातळी बघा. मीटरने स्फोटमर्यादेच्या फक्त 1 टक्का दाखवला, तरी हवेत दहा लाख भागांत 140 भाग वाफ असते. पिण्याच्या पाण्यातल्या बेंझीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य आहे लिटरला 10 मायक्रोग्रॅम.

आता साधं गणित करू. सध्याच्या पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त 1 टक्का चालतं. म्हणजे एका लिटरमध्ये 10 मिली, सुमारे 8.8 ग्रॅम. एवढं बेंझीन 8.8 लाख लिटर पाणी त्या मूल्यापर्यंत न्यायला पुरतं, म्हणजे दहा हजार लिटरचे 88 टँकर! अर्थात हा वरचा अंदाज झाला. प्रत्यक्षात काही उडून जातं, काही जिवाणू खातात. पण जुन्या पेट्रोलमध्ये बेंझीनची मर्यादा याहून सैल होती, हेही विसरू नका.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी 2020 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत शाळा, रुग्णालय, वस्तीपासून 50 मीटर अंतर सांगितलंय. अडचण असेल तर जादा सुरक्षा उपाय करून 30 मीटरपेक्षा कमी नाही. सूचना चांगल्या आहेत, पण त्यांचं शीर्षकच 'नवे' पंप उभारण्याबद्दल आहे. माझा आक्षेप इथे आहे: आपण पंप उघडताना जेवढा विचार करतो, तेवढा मिटताना करत नाही. अमेरिकेच्या 1988 च्या नियमांत टाकी कायमची बंद करताना गळती झाली होती का, हे तपासणं बंद करण्याच्या कामाचाच भाग आहे.

आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं का? तानसा, भातसा शहापुरात, पण उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर. तिथे एक विहीर नासणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. त्यात खडक बेसाल्ट. पाणी भेगांतून जातं, त्यामुळे पंपाला लागून असलेली विहीर चांगली आणि लांबची खराब, असंही होऊ शकतं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं; पावसाळ्यात पातळी चढते, उन्हाळ्यात उतरते आणि मधली माती माखत जाते.

म्हणून असा विषय घेणार असाल तर मे महिन्यातल्या एका नमुन्यावर निष्कर्ष काढू नका. टाकी काढल्यावर तिच्या तळाखालची माती घ्या, पंपाच्या वरच्या अंगाच्या विहिरीचं पाणी तुलनेला घ्या, पावसाळ्यानंतर पुन्हा जा. पाण्याची बाटली काठोकाठ भरा. आत हवेचा बुडबुडा राहिला तर बेंझीन त्यात निघून जातं आणि अहवालात 'आढळले नाही' येतं. आणि त्या दोन शब्दांपुढे उपकरणाची शोधमर्यादा लिहिलेली नसेल, तर तो निकाल वापरू नका.