हायड्रोजन ‘लहान’ आहे म्हणून?

नळांतून हायड्रोजन वायू वाहून नेण्याविषयीच्या लेखांत एक वाक्य हमखास भेटते : हायड्रोजन सर्वांत लहान असल्याने तो पोलादात शिरतो व पोलाद ठिसूळ करतो. विद्यार्थ्यांना हे चटकन पटते, आणि अडचण तिथेच आहे. फुग्यात भरतात त्या हेलियमचा अणूही इवलासाच असतो. तरीही टाकीतला हेलियम पोलादाला ठिसूळ करत नाही, कारण तो पोलादात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणजे केवळ आकाराचे कारण पुरत नाही.

या लेखकांनी विल्यम जॉन्सन यांचा १८७५ सालचा निबंध चाळायला हवा होता. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वृत्तांतात आलेल्या या निबंधाची भाषा जुनी असली तरी प्रयोग नमुनेदार आहेत. लोखंड थोडा वेळ आम्लात बुडवले की ते वाकवताना मोडते. दोष आम्लाचा की हायड्रोजनचा? ज्या आम्लांच्या क्रियेने हायड्रोजन सुटतो त्यांच्यामुळेच हे घडते, असे जॉन्सन यांनी दाखवले. मोडलेली बाजू ओली केली तर तिच्यावर बुडबुडे येतात. आणि तसाच तुकडा न मोडता काही काळ नुसता ठेवला, तर त्याचा चिवटपणा परत येतो! गंजलेले लोखंड असे कधी आपोआप बरे होते का?

त्यांचा ‘नवजात हायड्रोजन’ हा शब्द आता मागे पडला. त्या जागी सुटे अणू असे वाचावे. रेणूरूपातला हायड्रोजन पोलादात शिरत नाही. पृष्ठभागावर तो दुभंगावा लागतो. मग अणू आत जातात आणि जिथे ताण जास्त, म्हणजे भेगेच्या टोकाशी, तिथे गोळा होतात. पुढे नेमके काय घडते याबद्दल धातुशास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. हे वर्गात सांगायला संकोच नसावा.

एखादी चुणचुणीत मुलगी विचारेल, मग हायड्रोजनच्या टाक्या पोलादाच्याच कशा? याचेही बीज जॉन्सन यांच्याकडे आहे : पोलाद जितके बळकट, तितका हा उपद्रव अधिक. म्हणून हायड्रोजनसाठी बेताच्या बळकटीचे पोलाद निवडतात व भिंत जाड ठेवतात.

वायुवाहिन्यांचा प्रश्न अर्थातच या निबंधात नाही. मुंबईजवळच्या समुद्रातील वसई क्षेत्राचा नैसर्गिक वायू हजिऱ्याला नेतात. त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. ओलावा असेल तर तो लोखंडावर क्रिया करतो, हायड्रोजनचे अणू सुटतात, आणि त्याच्या सान्निध्यात या अणूंना जोडीने रेणू होऊन निसटणेही अवघड जाते. अशा नळात हायड्रोजन वायू भरावाच लागत नाही.