तळटिपेचा थाट

वारंगा फाट्यावर नांदेड, हिंगोली आणि हदगाव अशा तीन दिशांचे रस्ते एकत्र येतात, आणि तिन्हीकडचे प्रवासी इथं खिचडीसाठी थांबतात. वाफाळती ताटली समोर आली की डाळ कुणाच्या शेतातली, तांदूळ कुठल्या बाजारातला हे कुणी विचारत नाही. विचारूही नये. पण याच फाट्यावरून बसनं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात जाणारी मुलं पिशवीत जो प्रबंध नेतात, त्याला हा न्याय लागू नाही. तिथं दाण्यादाण्याचं गाव सांगावं लागतं. बहुतेकांना ही मार्गदर्शकानं लावलेली शिक्षा वाटते. मला मात्र कुठलंही अभ्यासाचं पुस्तक हाती आलं की आधी पानाच्या तळाशी डोकावायची खोड आहे. लेखक किती हिंडला, कुठं दमला आणि कुठं दुसऱ्याच्या भरवशावर राहिला, हे सगळं तिथं बारीक टायपात लिहिलेलं असतं.

सुरुवात अगदी चिमुकल्या नमुन्यानं करू. आईबापांच्या पश्चात भावांच्या वाटणीविषयी कुणी लिहितो आहे, आणि वाक्याच्या शेवटी कंसात टाकतो : ‘मनु. 9.104, याज्ञ. 2.117’. एवढंच. पृष्ठ नाही, प्रकाशक नाही, साल नाही. तरी हा संदर्भ अपुरा नाही, कारण अध्याय आणि श्लोक यांचे आकडे ग्रंथाचे असतात, छापखान्याचे नसतात. पुण्यातली प्रत घ्या किंवा काशीतली, मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात थोडं पुढंमागं पाहिलं की श्लोक सापडतो. आता त्या दोन ग्रंथांमधला स्वल्पविराम पाहा. वरवर वाटतं, एकाला दोन साक्षीदार उभे केले. प्रत्यक्षात दुसरा साक्षीदार पहिल्यापेक्षा अधिक सांगतो : मनूच्या त्या श्लोकात भाऊ पित्याचं धन सारखं वाटून घेतात, याज्ञवल्क्य मात्र धनाबरोबर ऋणही वाटायला सांगतो. म्हणजे लेखकानं दोन ग्रंथ उगाच रचलेले नाहीत. वाटणीत कर्जही येतं हे त्याला पुढं मांडायचं आहे आणि त्याची तजवीज त्यानं कंसातच करून ठेवली आहे. स्वल्पविरामाकडून इतकं काम करून घेणारा लेखक भेटला की मी खुर्ची जरा पुढं ओढतो.

हे काम ज्यांनी हयातभर केलं ते महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या आवृत्तीला, ती 1926 साली निघाली, प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राचा थोडा इतिहास जोडावा असं त्यांच्या मनात होतं. त्या प्रस्तावनेचे पाच खंड झाले. पहिला 1930 साली आला, शेवटचा भाग 1962 साली, तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते. साडेसहा हजारांहून अधिक पानांचा हा ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं छापला आणि 1963 साली काण्यांना भारतरत्न मिळालं. हे सगळेच सांगतात. त्यांच्या तळटिपांची घडण मात्र सहसा कुणी उलगडून दाखवत नाही.

कुठलंही पान उघडा. वर इंग्रजी विवेचन, त्यात मूळ वचनाचा आशय. खाली देवनागरीत ते वचन संस्कृतात, बहुधा अख्खं. वरचा अर्थ आणि खालचं मूळ यांच्यात अंतर पडलं असेल तर ते वाचकाला त्याच पानावर, बोट न उचलता पकडता येतं. आपल्याला चुकीचं ठरवण्याचं साधन विरोधकाच्या हातात इतक्या अदबीनं ठेवणारे विद्वान थोडे. अनेकजण मूळ वचन प्रकरणाच्या शेवटी ढकलतात, काही नुसता आकडा देतात. काण्यांना बहुधा ठाऊक होतं की वाचक पानं उलटायचा कंटाळा करतो, आणि त्या कंटाळ्याच्या आडोशाला राहून वाटेल ते लिहिता येतं. त्यांनी तो आडोसाच काढून टाकला. टिपांचे क्रमांकही प्रत्येक पानावर एकपासून सुरू होत नाहीत. ते खंडभर चढत जातात, हजारांच्या घरात पोचतात. त्यामुळं ‘अमुक खंड, टीप अमुक’ एवढं म्हटलं तरी पुढच्या अभ्यासकाला नेमकी जागा दाखवता येते. म्हणजे काण्यांच्या टिपेचाही पुढं संदर्भ देता यावा, ही सोय टिपेतच आहे.

पण खरी चव ‘उद्धृत’ या प्रकारात आहे. एखादं वचन आपण मूळ ग्रंथात पाहिलेलं नसतं, दुसऱ्याच्या ग्रंथात वाचलेलं असतं. घाईचा लेखक सरळ मूळ ग्रंथाचं नाव ठोकून देतो. जणू तो ग्रंथ रोज उशाशी घेऊन झोपतो! काणे दोन्ही नावं देतात : वचन कात्यायनाचं, उद्धृत करणारा अपरार्क, आणि अपरार्काचं पान. कात्यायनाची व्यवहारावरची स्मृती अखंड अशी कुणाकडंच उरलेली नाही. ती उरली फक्त इतरांच्या ग्रंथांतल्या अवतरणांत : कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या अपरादित्यानं, म्हणजेच अपरार्कानं, याज्ञवल्क्यावर लिहिलेल्या टीकेत, देवण्णभट्टाच्या ‘स्मृतिचंद्रिके’त, ‘व्यवहारमयूखा’त. या मयूखाचा कर्ता नीलकंठ भट्ट काशीचा, पण घराणं मूळचं आपल्या पैठणचं. या मंडळींनी श्लोक लिहिला की त्याचं पितृत्वही नोंदवलं. काण्यांनी ती विखुरलेली वचनं ग्रंथाग्रंथांतून वेचली, विषयवार लावली आणि 1933 साली ‘कात्यायनस्मृतिसारोद्धार’ म्हणून छापली. हजाराच्या आसपास श्लोक. लग्नाच्या अग्नीसमोर मिळालेलं ते अध्यग्नि, माहेराहून निघताना मिळालेलं ते अध्यावाहनिक, अशा स्त्रीधनाच्या कात्यायनानं केलेल्या व्याख्या आज आपल्याला वाचता येतात त्या या वाटेनं. नावं गाळली असती तर हे श्लोक कुणाचे ते कळलंच नसतं, आणि ते नव्यानं एकत्र आणावेत असं कुणाच्या मनातही आलं नसतं. त्यातही काण्यांची नजर पाहण्यासारखी. एक ग्रंथकार जो श्लोक कात्यायनाचा म्हणतो तोच दुसरा भलत्याच ऋषीच्या नावावर घालतो, तेव्हा ते तेही टिपेत नोंदवतात. वाद दाबून टाकण्यापेक्षा वादाचा पत्ता देणं त्यांना अधिक आवडत असावं.

इथं हिंगोलीकरांनी कान टवकारायला हरकत नाही. औंढा नागनाथच्या देवळाला ज्या हेमाद्रीच्या नावानं आपण हेमाडपंती म्हणतो, तो देवगिरीच्या यादवांचा मंत्री तेराव्या शतकातला मोठा उद्धरणकार होता. त्याचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ म्हणजे व्रतं, दानं, श्राद्ध यांवरच्या पुराणवचनांचं आणि स्मृतिवचनांचं प्रचंड भांडार. स्वतःचं म्हणणं थोडं, इतरांची वचनं फार, आणि वचनाशी ग्रंथाचं नाव. मात्र रसिकानं एक उणीवही चाखून पाहावी. स्कंदपुराणात असं म्हटलं आहे, इतक्यावर तो पुष्कळदा थांबतो. कुठल्या खंडात, कितव्या अध्यायात, ते नाही. स्कंदपुराणासारख्या अफाट पुराणात एवढ्या खुणेवर श्लोक शोधायचा म्हणजे जत्रेत हरवलेला माणूस फक्त आडनावावर शोधण्यासारखं. अशा वचनसंग्रहांत, म्हणजे निबंधग्रंथांत, त्या पुराणाच्या नावानं आलेली कितीतरी वचनं आज छापील प्रतींत मिळत नाहीत. ती नंतर गळली, की वेगळ्या पाठात होती, की ऐकीव होती, याचा निकाल लागत नाही. नाव देणं ही हेमाद्रीची सचोटी. ठिकाण देण्याची रीत त्या काळी रुळलेली नव्हती. अपरार्काचं पानसुद्धा सांगणाऱ्या काण्यांची टीप हेमाद्रीनंतर वाचली की त्या पृष्ठांकाचं मोल जिभेवर येतं.

ठिकाण देण्याचीही गंमत असते, आणि ती पाहायला वारंग्याहून फार लांब जायला नको. परंपरा नामदेवांचा जन्म नरसीला मानते, ते याच हिंगोली जिल्ह्यात. त्यांची 61 पदं गुरुग्रंथसाहिबात आहेत, आणि तो ग्रंथ नांदेडच्या हुजूर साहिबला गुरू म्हणून विराजमान आहे. ग्रंथाच्या प्रमाण छापील प्रतीची पानं ठरलेली, 1430. पानाला अंग म्हणतात. आसा रागातली नामदेवांची पदं अंग 485 वर सुरू होतात. नांदेडला पाहा, अमृतसरला पाहा, कॅनडातल्या गुरुद्वाऱ्यात पाहा, ती तिथंच असणार. म्हणून ‘गुरुग्रंथसाहिब, अंग 485’ इतका संदर्भ पुरतो, वर साल किंवा प्रकाशक घालणं म्हणजे उगाच भरताड. त्याच नामदेवांचा मराठी अभंग उद्धृत करायचा झाला की सगळं पालटतं. अभंगाचे क्रमांक गाथेगाथेत वेगळे, त्यात विष्णुदास नामा या नंतरच्या कवीचे अभंगही मिसळलेले. शासनाची 1970 सालची गाथा की दुसरी कुठली, हे सांगितल्याशिवाय अभंगक्रमांक म्हणजे गावाचं नाव नसलेला घरक्रमांक. एकाच संताला एका ओळीत दोन रीतींनी उद्धृत करणारा प्रबंध माझ्यासमोर आला, पहिल्यात आवृत्ती गाळलेली, दुसऱ्यात काळजीपूर्वक घातलेली, तर मी बाकी काही न वाचता त्या विद्यार्थ्याला समज आहे असं म्हणेन. नियम पाठ असलेला विद्यार्थी दोन्हीकडं आवृत्ती घालतो. जाणकार कुठं गाळायची ते ओळखतो.

संदर्भ नेहमी तळाशीच असतो असंही नाही. कुरुंदा हे वसमत तालुक्यातलं गाव, नरहर कुरुंदकरांचं. ‘श्रीमान योगी’ या शिवाजी महाराजांवरच्या कादंबरीला प्रस्तावना म्हणून छापलेलं त्यांचं रणजित देसाईंना लिहिलेलं पत्र मी संदर्भाच्या नजरेनं वाचतो तेव्हा तळटिपांची वाण फारशी जाणवत नाही. समोरच्याचं मत ते आधी त्याच्या बाजूनं, त्याला आवडेल इतक्या ताकदीनं मांडतात आणि मगच त्याला हात घालतात. कुठलं मत दुसऱ्याचं आणि कुठून त्यांचं स्वतःचं सुरू झालं, हा सांधा वाक्याच्या चालीवरून कळतो. ही कसरत क्रियापदावर चालते. इतिहासकार अमुक ‘म्हणतात’, ‘मानतात’, ‘सुचवतात’, ‘दाखवून देतात’ : चार क्रियापदं, चार वजनं. ‘दाखवून देतात’ लिहिलं की लेखकानं पुरावा मान्य केला. ‘मानतात’ लिहिलं की थोडं अंतर ठेवलं. शिवजन्माची तिथी घ्या. बखरींवरून चालत आलेलं साल 1627 होतं. जेधे शकावलीतली नोंद, फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, लोकमान्य टिळकांनी 1916 साली पुढं आणली. आज आपण 19 फेब्रुवारी 1630 म्हणतो ते तिच्या आधारे. ‘बखरी 1627 सांगतात, जेधे शकावली 1630 नोंदवते’ असं कुणी लिहिलं तर ‘सांगतात’ आणि ‘नोंदवते’ या दोन शब्दांत साधनांची प्रत लागून गेली. वेगळी टीप लागलीच तर ती फक्त ठिकाणासाठी.

‘तत्रैव’विषयी एकच सांगतो. लागोपाठ त्याच ग्रंथाचा आधार असला की नाव पुन्हा न लिहिता ‘तत्रैव’ लिहितात. दिसायला सुबक. पण प्रबंध दुरुस्त करताना मधे एखादी नवी टीप घुसली की सगळे ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडं बोट दाखवू लागतात. म्हणून शहाणे लोक शेवटचा मसुदा होईपर्यंत लेखकाचं आडनाव लिहून ठेवतात आणि ‘तत्रैव’ अगदी शेवटी घालतात.

अलीकडं प्रबंध संगणकाच्या चाळणीतून जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार साम्य 10 टक्क्यांपर्यंत असलं तर दंड नाही, त्यापुढं पायऱ्या चढत जातात, आणि रीतसर नाव देऊन घेतलेली अवतरणं या मोजणीत धरायची नाहीत. चाळणी उपयोगी आहे, पण तिला चव नाही. 2.117 च्या जागी 2.171 छापलं तर तिला पत्ता लागत नाही. न पाहिलेला अपरार्क पाहिल्यासारखा लिहिला तरी ती मुकाट्यानं पुढं जाते. ते ओळखायला वाचकच लागतो, आणि तोही थोडा संशयी.

आणि ज्याला पान नाही, अंग नाही, श्लोकही नाही, त्याचं काय? ओवी. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रात जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या संग्रहात ओवीला गाणारीचं नाव आणि तिचं गाव जोडलेलं असतं. हेमाद्रीनं पुराणाचं नाव द्यावं तसंच हे, पण इथं ठिकाणही आहे. तीच ओवी दोन गावांतल्या दोन बायांनी एखाद्या शब्दाच्या फरकानं गायली तर दोन्ही नोंदी ठेवायच्या. दोन निबंधकारांनी एकच श्लोक दोन ऋषींच्या नावावर घातला तेव्हा काण्यांनी केलं तेच. कळमनुरी तालुक्यातली एखादी विद्यार्थिनी उद्या आपल्या आजीच्या ओव्यांवर लिहायला बसली, तर तळटिपेत आजीचं नाव, गाव, ध्वनिमुद्रणाची तारीख आणि ती ओवी आजीनं कुणाकडून शिकली ते लिहावं. स्वतःचं नाव संकलक म्हणून त्यानंतर.