मावळ्याची प्रतिमा आणि मुळशीचा माणूस

चिनुआ अचेबे यांनी १९७५ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात जोसेफ कॉनरॅड यांच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'वर घेतलेला आक्षेप मराठी अभ्यासकांना अपरिचित नाही. त्या कादंबरीत आफ्रिका हे एका युरोपीय मनाच्या पडझडीसाठी उभारलेले नेपथ्य ठरते आणि तेथील माणसांच्या वाट्याला भाषा जवळजवळ येतच नाही, हा त्याचा गाभा. मराठीत हा आक्षेप बहुधा युरोप आणि वसाहती या द्वंद्वापुरताच वापरला जातो. 'बाहेरचा' म्हणजे परभाषक आणि परवर्णीय, हे त्यामागील गृहीत मात्र तपासले जात नाही. पुण्यापासून अवघ्या चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरील मुळशीविषयी मराठीतच जे लिहिले-बोलले गेले, त्यापुढे हे गृहीत टिकत नाही.

'बारा मावळ' ही परंपरागत गणनाच मुळात अनेकत्वाची आहे. खोरे बदलले की नाव बदलते, देशमुखी बदलते. आजच्या मुळशी तालुक्यात पौड खोरे आहे, मुठे खोरे आहे. कुणबी-मराठा, महार, धनगर आणि कातकरी यांचे जगणे एकमेकांत गुंतलेले असूनही एकसारखे नाही. या सर्वांवर 'मावळा' हा एकच शब्द घोंगडीसारखा पांघरला गेला.

ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात मावळ्यांचे जे वर्णन केले, त्याचे सार असे : दिसायला गावंढळ व मंद, पण अंगवळणी पडलेल्या कामात तरबेज आणि विश्वासाला पक्के. या वर्णनातील निंदेपेक्षा स्तुती अधिक अभ्यासनीय आहे. चपळाई आणि इमान हे धन्याच्या उपयोगी पडणारे गुण होत; त्या माणसाला स्वतःला काय हवे होते, याविषयी ते काहीच सांगत नाहीत. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ मध्ये ग्रँट डफवर टीका केली, पुढे राजवाडे यांनीही केली. परंतु मावळ्याचे हे चित्र मोडण्याऐवजी ऐतिहासिक कादंबरीने त्यावर सोन्याचा मुलामा चढवला. तेथील मावळा भाकर-कांदा खातो, तुटक बोलतो, आज्ञेची वाट पाहतो आणि वेळ आली की मरतो. त्याच्या शेताचा सारा किती, कर्ज कोणाचे, हे प्रश्न कथनाला पडत नाहीत.

ही केवळ वाङ्मयीन उणीव असती तर ती सोडून देता आली असती. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा हीच प्रतिमा राजकारणात उतरली. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांच्यासारख्या नेत्यांची निष्ठा निःसंशय होती. शिवाजीच्या मावळ्यांचे वंशज या आवाहनात सामर्थ्य होते, हेही नाकारता येत नाही. त्या आवाहनावाचून पुण्याच्या वृत्तपत्रांना या खोऱ्याची आठवण झाली असती का, याची शंकाच आहे. पण 'जान किंवा जमीन' ही घोषणा संहिता म्हणून वाचली की तिचा कर्ता स्पष्ट होतो. जमीन आपली आहे असे म्हणू शकणाराच ती देऊ शकतो.

राजेंद्र व्होरा यांच्या 'मुळशी सत्याग्रह' (१९९४) या ग्रंथाचे मोल येथे आहे. बरीच जमीन पुण्यातील सावकारांच्या हाती होती आणि त्यांचा हितसंबंध जमीन राखण्यापेक्षा मोबदल्यात होता, हे त्यांनी दाखवले. मावळ्याच्या प्रतिमेत हा सावकार बसत नाही, कारण तो शहरात राहतो. कूळ बसत नाही, कारण ते वीर नव्हे तर देणेकरी आहे. आणि कातकरी तर बसतच नाही. सगळे एकदिलाने एकाच वस्तूसाठी लढत आहेत असे प्रतिमा सांगत राहिली, त्यामुळे मोबदला कोणाला, हा प्रश्न फितुरीसारखा वाटू लागला. १९२४ पर्यंत लढा विझला आणि गावे पाण्याखाली गेली.

प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' (२०१८) हा चित्रपट या परंपरेचा विपर्यास वाटतो, परंतु तो तिचेच पुढचे रूप आहे. जमीन विकलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्हेगारीत ओढला जातो. तलवारीच्या जागी कोयता येतो. चित्रपटाचा संताप खरा आहे, शेतकऱ्याच्या फसवणुकीचे त्याचे निदानही बऱ्याच अंशी खरे आहे. तरीही त्याच्या शीर्षकाने एका तालुक्याचे नाव गुन्ह्याचे विशेषण करून टाकले, आणि शोकांतिकेचा अधिकार पुन्हा एकदा सातबारा असलेल्यालाच मिळाला. ज्याच्याकडे विकायलाही जमीन नव्हती, त्याची कथा येथेही सुरू होत नाही.

त्या कातकऱ्याची नोंद शासनदरबारी आहे : केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गट तीन, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. हेही नाव बाहेरूनच दिलेले. मावळावरील ललित लेखन कुळाच्या किंवा कातकऱ्याच्या बाजूने वाचण्याचे काम मराठी समीक्षेने अद्याप फारसे हाती घेतलेले नाही. अचेबे यांचा हवाला मात्र ती कॉनरॅडचा विषय निघाला की न चुकता देते.